बीपीची चिठ्ठी हरवते, नोंद राहते : घरी ठेवलेली आरोग्याची डिजिटल नोंद आजार रोखायला कशी कामी येते

१४ एप्रिलच्या आसपास आपल्या अनेक वस्त्यांत आरोग्य शिबिर होते. मांडव पडतो, दोन टेबले लागतात, डॉक्टर मंडळी येतात आणि रांग लागते. दंडाला पट्टा बांधला जातो, एक आकडा येतो आणि चिठ्ठीवर लिहून हातात दिला जातो. ‘बीपी वाढलेला दिसतोय, दवाखान्यात दाखवून घ्या,’ असे सांगितले जाते. संध्याकाळी मिरवणूक निघते. चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहते आणि दोन दिवसांनी धुण्यात जाते. पुढच्या वर्षी त्याच माणसाला, त्याच टेबलावर, तेच सांगितले जाते. काही वेळा मात्र पुढचे वर्ष येण्याआधीच त्याला लकवा मारलेला असतो.

शिबिरात काम करणारे आपण कार्यकर्ते हे बघत आलो आहोत. शिबिरे वाईट आहेत असे आम्हाला म्हणायचे नाही. पण ‘तीनशे लोकांची तपासणी केली’ एवढाच हिशोब आपण देतो. त्यातल्या किती जणांचा आजार पक्का कळला, किती जणांची गोळी सुरू झाली आणि सहा महिन्यांनी किती जणांचा आकडा आटोक्यात आला, हे आपल्याला सांगता येत नाही, कारण आपल्याकडे नोंदच नसते. ही नोंद रुग्णाने स्वतः, घरच्या घरी, मोबाईलवर किंवा वहीत कशी ठेवावी, तिचा उपयोग काय आणि धोके कोणते, हे या लेखात एकत्र मांडले आहे.

रुग्णाने ठेवलेली नोंद म्हणजे काय?

दवाखान्यातले केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी ही दवाखान्याने केलेली नोंद. रक्तदाब, शुगर, वजन, गोळी घेतली की चुकली, दुखणे कधी उठले, ताप किती होता, हे रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतः मोजून लिहिले की ती झाली रुग्णाची नोंद. ती मोबाईलमध्ये असली की तारीख-वेळेसह साठते, चढ-उतार दिसतो आणि डॉक्टरांना लगेच दाखवता येते.

कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी हे केलेले आहे. घरी विलगीकरणात असलेला माणूस बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहायचा. आकडा ९४ च्या खाली घसरू लागला की धावपळ सुरू व्हायची. दम लागण्याआधीच धोका कळावा, हा त्यामागचा विचार होता. तोच विचार रक्तदाब आणि मधुमेहाला लागू पडतो. फरक एवढाच, की तिथे धोका काही दिवसांत समोर यायचा, इथे तो दहा-पंधरा वर्षे गुपचूप वाढत राहतो.

प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज मांडला. या उंबरठ्यावरच्या अवस्थेला पूर्व-मधुमेह म्हणतात. खाणेपिणे, वजन आणि चालणे-फिरणे यांत बदल करून तिथून मागे फिरता येते. पण त्यासाठी आपण उंबरठ्यावर आहोत हे आधी कळावे लागते.

स्वतः बाबासाहेब अनेक वर्षे मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्रस्त होते. ‘शुगर हा श्रीमंतांचा आजार’ हा समज आपण आता सोडून दिला पाहिजे. रोजंदारीवर जाणारा माणूस आजारी पडला की त्या घराचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. लकवा किंवा डायलिसिस म्हणजे कर्ज, आणि बहुतेक वेळा घरातल्या मुलीचे शिक्षण बंद.

एक आकडा का पुरत नाही?

रक्तदाब दिवसभर बदलत असतो. जिना चढून आलात, चहा घेतला, तंबाखू खाल्ली, लघवी दाबून धरली किंवा डॉक्टरांना बघून घाबरलात, तरी तो वाढतो. काहींचा दवाखान्यात वाढलेला आणि घरी नीट असतो. काहींचे उलटे असते : दवाखान्यात नीट आणि घरी वाढलेला. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण माणूस ‘नॉर्मल’ ऐकून निर्धास्त घरी जातो.

समजा, घरकाम करणाऱ्या ४६ वर्षांच्या एका ताईंचा शिबिरात दुपारी १३२/८४ आकडा आला. ‘ठीक आहे’ म्हणून त्या परतल्या. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजल्यावर सरासरी १४३/९१ निघाली. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला धरतात. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० आहे. म्हणजे शिबिराने ‘ठीक’ म्हटलेल्या या ताईंना डॉक्टरांची गरज होती. हे त्या एका चिठ्ठीतून कळले नसते.

रक्तदाबाची आठवड्याची नोंद : पद्धत

मशीन दंडाला पट्टा बांधायचे असावे. मनगटावरच्या मशीनवर आणि स्मार्ट घड्याळावर निर्णयासाठी विसंबू नये. मशीनची अचूकता शास्त्रीय पद्धतीने तपासलेली असावी. अशा मॉडेलांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर मिळते. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वाढलेला येतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी आणि श्रमाचे काम टाळावे. लघवी करून यावे. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, पायावर पाय नाही. हात टेबलावर किंवा उशीवर, पट्टा छातीच्या उंचीला, उघड्या दंडावर. मोजताना बोलू नये.

सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजावे. दोन मोजण्यांत एक मिनिटाचे अंतर ठेवावे. सात दिवस असे करावे. ते जमलेच नाही तर निदान तीन दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. आलेला प्रत्येक आकडा लिहावा. ‘हा जास्तच आला’ म्हणून पुसू नये आणि चांगला येईपर्यंत मोजत बसू नये.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलता न येणे किंवा अचानक दिसेनासे होणे यांतले काही असेल, तर नोंदीत वेळ घालवू नये, १०८ ला फोन करावा. लकव्याची अशी लक्षणे दिसली तर आकडा कितीही असो, हेच करावे. लक्षण काहीच नसेल पण आकडा एवढा असेल, तर पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजावा आणि तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गरोदर बाईचा आकडा १४०/९० ला पोहोचला तर आठवड्याची वाट बघू नये, लगेच दाखवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांत पुन्हा पुन्हा सांगावी लागते. आकडा नीट आला म्हणजे आजार गेला असे नाही, गोळी काम करते आहे असे आहे. नोंद चांगली दिसली म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

शुगर आणि सिकलसेल

ग्लुकोमीटर घरच्या देखरेखीसाठी आहे, निदानासाठी नाही. उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शक्यता असते, पण ती शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये पक्की करावी लागते. मधुमेह असलेल्याने आकड्यासोबत उपाशी की जेवल्यावर, कोणती गोळी किंवा इन्सुलिन, आणि काही वेगळे घडले का, हे लिहावे. नुसता ‘१८०’ हा आकडा डॉक्टरांना फारसे सांगत नाही. ‘लग्नाच्या जेवणानंतर दोन तासांनी १८०’ ही नोंद सांगते. शुगर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले तर आधी साखर-पाणी घ्यावे, मग लिहावे.

विदर्भातल्या वाचकांसाठी यात एक महत्त्वाची बाब आहे. सिकलसेल तिथल्या आदिवासी समाजांत आहे, तसाच आपल्या समाजातही आहे. शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी सिकलसेलच्या रुग्णात भरवशाची राहत नाही, कारण त्याच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. वाहकातही तपासणीच्या पद्धतीप्रमाणे आकडा थोडा कमी दिसू शकतो. म्हणून घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. अशा रुग्णाला घरच्या शुगरच्या नोंदीचा जास्त उपयोग होतो.

सिकलसेलच्या रुग्णाची नोंद वेगळी असते. दुखणे कधी उठले, कुठे, शून्य ते दहा यांत किती, त्याआधी थंडी लागली होती का, पाणी कमी प्यायले होते का, जास्त श्रम झाले होते का, हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकली होती का, रक्त कधी चढवले, हे लिहून ठेवावे. चार-सहा महिन्यांच्या नोंदीतून दुखणे कशाने उठते याचा अंदाज येतो आणि तो टाळता येतो. १०१ अंशांच्या वर ताप आला तर घरी थांबू नये. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट होते. त्या तपासणीचे कार्ड जपून ठेवा. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ते आधी कळले तर वेळेवर सल्ला घेता येतो.

संशोधन काय सांगते?

ब्रिटनमध्ये झालेल्या ‘टॅस्मिन-एच-४’ या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब आटोक्यात नसलेले ११८२ लोक तीन गटांत विभागले होते. एका गटावर नेहमीसारखे उपचार झाले. दुसऱ्याने घरी मोजून कागदावरची नोंद डॉक्टरांकडे पाठवली. तिसऱ्याने मोबाईल संदेशाने पाठवली. डॉक्टरांनी त्या आकड्यांवरून औषध बदलले. वर्षानंतर वरचा आकडा नेहमीच्या गटात सरासरी १४०.४, कागदवाल्यांत १३७.० आणि मोबाईलवाल्यांत १३६.० होता. मोबाईलच्या गटाचा रक्तदाब लवकर खाली आला, पण वर्षाअखेर कागद आणि मोबाईल यांत फारसा फरक उरला नाही. ज्या घरात स्मार्टफोन नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे : दहा रुपयांची वहीसुद्धा काम करते.

दुसरा अभ्यास आणखी महत्त्वाचा. २०१७ मध्ये २५ चाचण्यांमधल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. नुसते घरी मोजणाऱ्यांचा वरचा आकडा वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सरासरी फक्त १ ने जास्त उतरला. मोजण्यासोबत ज्यांना सल्ला, औषधातला बदल आणि नियमित पाठपुरावा यांची भक्कम जोड मिळाली, त्यांचा ६.१ ने जास्त उतरला.

या लेखाचे सार इथेच आहे. आकडा लिहिल्याने आजार थांबत नाही. तो आकडा वाचणारे आणि त्यावर काहीतरी करणारे माणूस पलीकडे लागते. मशीन वाटून फोटो काढणे सोपे आहे, ते माणूस उभे करणे हे खरे काम.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. आयसीएमआर, आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहभागाने चालणाऱ्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात वापरल्या जाणाऱ्या ‘सिंपल’ ॲपमध्ये आरोग्य कर्मचारी रुग्णाचा आकडा आणि औषध नोंदवतो. जो रुग्ण ठरलेल्या तारखेला आला नाही त्याचे नाव वेगळ्या यादीत येते आणि त्याला फोन केला जातो. त्या नोंदीतली सर्वात मोलाची गोष्ट ही न आलेल्यांची यादी आहे.

नोंद कुठे ठेवावी?

सर्वात साधा मार्ग म्हणजे वहीत तक्ता आणि दर आठवड्याला त्याचा मोबाईलवर फोटो. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, गोळी घेतली का आणि शेरा, एवढे सात रकाने पुरतात. ज्यांना जमते त्यांनी मोबाईलवरच्या साध्या तक्त्यात भरावे. कागदाची प्रत मात्र ठेवावीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथले कामही कित्येक दिवस कागदावर करावे लागले होते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्याला जोडलेल्या दवाखान्यांतले आणि लॅबचे रिपोर्ट आभा ॲपवर एकत्र बघता येतात आणि आपल्या संमतीने डॉक्टरांना दाखवता येतात. आभा ऐच्छिक आहे. आभा म्हणजे पाच लाखांच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड नव्हे, हे वस्तीत स्पष्ट सांगावे. या दोन्हींची गल्लत नेहमी होते.

माहितीवर हक्क कुणाचा?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, कशासाठी ते सांगून घेण्याची आणि दिलेली संमती मागे घेता येण्याची तरतूद आहे. माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र आरोग्याच्या माहितीला या कायद्यात वेगळा, जास्त कडक दर्जा नाही. त्यामुळे सावध राहण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

आपल्याकडचा धोका अगदी जवळचा असतो. मुलगी सिकलसेलची वाहक आहे हे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तर तिचे लग्न मोडू शकते. सफाई कामगाराची शुगर मुकादमाला कळली तर त्याचे काम जाऊ शकते. बाईची नोंद मुलाच्या फोनमध्ये असेल तर ती सगळे लिहीलच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये स्वतः वापरण्यासाठी मोबाईल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्केच होत्या. म्हणून काही नियम पाळावेत. आकडे ग्रुपवर टाकू नयेत. विनाविचारता यादी कुणालाही देऊ नये, नगरसेवकालाही नाही. फुकटच्या ॲपने संपर्क, फोटो आणि ठावठिकाणा मागितला तर ते ॲप घेऊ नये. आपल्या मंडळाने नोंद ठेवली असेल तर ती एका जबाबदार माणसाकडे, कुलूपबंद ठेवावी. रुग्णाने मागितली की परत द्यावी.

वस्तीत काम कसे उभे करावे?

एक चांगले मशीन साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते. विहाराने किंवा मंडळाने एक-दोन मशीन घ्यावीत आणि घरोघरी एकेक आठवडा फिरवावीत. प्रत्येक घरात एका मुलाला किंवा मुलीला मोजण्याची पद्धत शिकवावी. सुरुवात तिशीवरच्या माणसांपासून, घरात आधी कुणाला लकवा किंवा शुगर झालेल्या कुटुंबांपासून करावी. सरकारी कार्यक्रमातही आशा ताई तिशीवरच्यांचा जोखीम तपासणारा सी-बॅक फॉर्म भरतात. त्यांच्याशी जोडून घ्या, वेगळी चूल मांडू नका.

ज्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येईल त्यांना वही घेऊन उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरात ‘आपला दवाखान्या’त न्यावे. पहिल्या वेळी एका कार्यकर्त्याने सोबत जावे. गोळी सुरू झाल्यावर महिन्याने पुन्हा आठवड्याची नोंद करावी. ज्यांचा आकडा सीमेवर आहे त्यांच्याशी मिठाबद्दल बोलावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ सांगते. लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण यांतले मीठही त्यात धरायचे. औषध संपलेले असेल, कर्मचारी जागेवर नसेल, तर तारखांसह ते लिहून ठेवा आणि त्याच कागदावर ग्रामसभेत किंवा आरोग्य अधिकाऱ्याकडे निवेदन द्या. ‘औषध मिळत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘या तीन तारखांना एवढे रुग्ण गोळीविना परतले’ ही नोंद नाकारणे अवघड जाते.

पुढच्या १४ एप्रिलला मांडव जरूर घाला. पण फलकावर ‘एवढ्यांची तपासणी’ लिहिण्याऐवजी तीन आकडे लिहा : गेल्या वर्षी ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला ते किती, त्यांतल्या कितींची गोळी सुरू झाली, आणि आज कितींचा आकडा आटोक्यात आहे. पहिल्या वर्षी हे आकडे लहान असतील आणि थोडे लाजवणारेही असतील. तरी लिहा. दुसऱ्या वर्षी काय करायचे ते त्यांवरूनच कळेल.